इतवारीच्या गच्चीवर आमरी

नागपूरच्या जुन्या पेठांना वारांची नावे आहेत. बुधवारी, शुक्रवारी, मंगळवारी आणि या सर्वांत गजबजलेली इतवारी. सराफ्याची गल्ली ओलांडून किराण्याच्या घाऊक दुकानांकडे वळले की हळद, मिरची आणि सुंठ यांचा एकत्र वास नाकाला झोंबू लागतो. याच परिसरात काष्ठौषधींचीही दुकाने आहेत. हिरडा, बेहडा, ज्येष्ठमध, शतावरी यांच्या रांगेत एखाद्या लहान बरणीत पिवळसर रंगाचे, वाळून टणक झालेले कंद ठेवलेले असतात. प्रत्येक कंदाला बोटे फुटलेली असतात. तो एखाद्या बाळाच्या तळहातासारखा दिसतो. त्याला सालमपंजा म्हणतात. हा कंद हिमालयाच्या उंच कुरणांत वाढणाऱ्या एका ऑर्किडचा आहे, हे तो विकत घेणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते, आणि तोलून देणाऱ्यालाही क्वचितच असते.

तात्पर्य, ऑर्किडची आणि नागपूरच्या व्यापारी पेठेची ओळख नवी नाही. ती फुलाच्या आधी वाळलेल्या कंदाच्या रूपाने झाली. च्यवनप्राशाच्या पाठात ज्या अष्टवर्गाचा उल्लेख येतो, त्यातील जीवक, ऋषभक, ऋद्धी आणि वृद्धी या चार वनस्पतीही ऑर्किडच मानल्या जातात. आइस्क्रीम आणि बिस्किटांतून घराघरांत पोहोचलेली व्हॅनिला ही तर मेक्सिकोच्या अरण्यातील ऑर्किडाच्या वेलीची शेंग होय. मराठीत ऑर्किडला आमरी म्हणतात आणि तिच्या कुलाला आमर कुल.

आता हीच आमरी दुसऱ्या दाराने घरात आली आहे. दिवाळीच्या भेटीत, नव्या पेढीच्या उद्घाटनाला किंवा वास्तुशांतीला मिठाईच्या डब्याऐवजी पांढऱ्या वा जांभळ्या फुलांची कुंडी देण्याची रीत रूढ होत चालली आहे. ते फूल बहुधा फॅलेनॉप्सिसचे असते; पतंगासारखे पसरलेले, मेणात घडवल्यासारखे आणि दोन-दोन महिने न कोमेजणारे. लग्नमंडपाच्या सजावटीत दिसणारी जांभळी-पांढरी लांब तुऱ्याची फुले डेंड्रोबियमची. पहिली कुंडी येते तेव्हा साऱ्या घराला तिचे कौतुक असते. फुले गळतात, दांडी वाळते आणि खाली चार-पाच जाड पाने उरतात. मग ती कुंडी बैठकीतून गच्चीत जाते, आणि पुष्कळ घरांत तिचा पुढचा उन्हाळा हा शेवटचा ठरतो.

याचा दोष नागपूरच्या उन्हावर टाकणे सोपे आहे, आणि तो अगदीच खोटाही नाही. या शहरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारी हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्या खालीही उतरते. रात्री बारा वाजता गच्चीच्या फरशीला हात लावला तर ती कोमट लागते. ज्या वनस्पतीचे पूर्वज फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या ओल्या, सावळ्या अरण्यांत वाढले, तिला ही दुपार सोसणार कशी? तरीही मेलेली कुंडी उलटी करून पाहिली तर बहुतेक वेळा वेगळेच कारण हाती लागते. मुळे काळी, चिकट आणि कुजलेली असतात. झाड उन्हाने मेलेले नसते. उन्हाच्या भीतीने त्याला पाजलेल्या पाण्याने मेलेले असते. रोज सकाळी तांब्याभर, संध्याकाळी पुन्हा तांब्याभर, आणि वरून मायेने घातलेली काळी माती. ज्या मुळांना वारा हवा असतो ती चिखलात गाडली गेली की आठ-पंधरा दिवसांत गुदमरतात.

ही चूक दूर करायची असेल तर रोपवाटिकेत जाण्यापूर्वी विदर्भाच्या रानात जायला हवे.

नागपूरहून रामटेकला जाणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. पन्नासेक किलोमीटरचा तो रस्ता, पुढे अतिशय क्षेत्रातील भगवान शांतिनाथांचे दर्शन आणि पलीकडे पेंचचे जंगल. मुक्तागिरीच्या ५२ मंदिरांची वंदना करायला निघालेले यात्रेकरूही सातपुड्याच्या पायथ्याच्या झाडीतूनच जातात. विदर्भाच्या या पानझडीच्या प्रदेशात, जुन्या आंब्यांच्या आणि मोहांच्या फांद्यांवर, एक ऑर्किड शतकानुशतके नांदत आले आहे. त्याचे शास्त्रीय नाव वँडा टेसेलाटा. चामड्यासारखी जाड, पन्हळीप्रमाणे दुमडलेली पाने दोन ओळींत निघतात आणि बोटाएवढी जाड, राखाडी-पांढरी मुळे सालीला धरून राहतात किंवा हवेत लोंबतात. उन्हाळ्याच्या अखेरीस किंवा पावसाच्या तोंडावर पाच-दहा फुलांचा तुरा येतो. पाकळ्या पिवळसर हिरव्या, त्यांवर तपकिरी रेषांची जाळी आणि मधोमध निळसर जांभळी जीभ. जवळ गेले तर मंद, गोड सुगंध येतो. मान वर करून पाहण्याची सवय नसलेला माणूस त्याच झाडाखाली डबा उघडून जेवतो आणि त्याला या फुलाचा पत्ताही लागत नाही.

या कुळाचे वँडा हे नाव साऱ्या जगाने घेतले, ते मूळचे संस्कृत आहे. झाडावर वाढणाऱ्या वनस्पतीला वंदा म्हणत. कोलकात्यात न्यायाधीश असलेले संस्कृतज्ञ विल्यम जोन्स यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रात नेले. आज थायलंडच्या रोपवाटिकांत वँडाचे जे शेकडो संकर होतात, त्यांपैकी कित्येकांच्या पूर्वजांत हीच भारतीय वँडा असते. उष्णता सोसण्याची ताकद, निळसर छटा आणि सुगंध यांसाठी तिचा उपयोग केला गेला.

खेड्यात मात्र तिला सरसकट बांडगूळ म्हणून मोकळे होतात. तो तिच्यावर अन्याय आहे. खरे बांडगूळ आंब्याच्या फांदीत आपली शोषक मुळे खुपसते आणि त्याचा रस ओढते. आमरी तसे काही करत नाही. ती फांदीवर केवळ आधारापुरती बसते. पावसाचे पाणी, हवेतील ओल, सालीच्या खाचेत साचलेली पानांची कुजकी भुकटी आणि उडत आलेली धूळ एवढ्यावर तिचा निर्वाह चालतो. ज्याच्या आश्रयाला राहायचे त्याला इजा न करता राहण्याची ही रीत आहे. २०१९ साली भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने देशातील ऑर्किडांची जी गणना प्रसिद्ध केली, तीत १२५६ जातींची नोंद आहे. त्यांपैकी ७५७ जाती अशाच झाडांवर राहणाऱ्या आहेत आणि ३८८ जाती भारताबाहेर कोठेही आढळत नाहीत.

विदर्भाच्या मे महिन्यात ही वँडा तग कशी धरते, याचे उत्तर तिच्या मुळांत आणि पानांत आहे. मुळावर मृत पेशींचे एक पांढरे, टीपकागदासारखे वेष्टन असते. पावसाची सर आली की ते काही क्षणांत पाणी शोषून घेते आणि त्याचा पांढरा रंग हिरवा होतो. सर थांबली, वारा सुटला की वरचा भाग पुन्हा कोरडा पडतो. भिजणे आणि वाळणे या दोन्हींची तिला सारखीच गरज असते. पानांची रीत याहून नवलाची आहे. वँडा आणि फॅलेनॉप्सिस या वनस्पती निवडुंगाप्रमाणे दिवसा पानांवरील सूक्ष्म रंध्रे मिटून घेतात, त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. रात्री हवा थंड झाली की रंध्रे उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि आम्लाच्या रूपाने साठवला जातो. अन्न तयार होते ते मात्र सूर्य उगवल्यावरच. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरातील मुलांना हे मोठे गमतीचे वाटते: आमरी रात्री फक्त सामान भरून ठेवते, तिची चूल पेटते सूर्योदयानंतर.

एवढे ध्यानात आले की गच्चीवरच्या कुंडीचे काय करायचे हे निराळे सांगावे लागत नाही. माती नको. कोळशाचे तुकडे, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सालीचे तुकडे हेच तिचे बिछाने. कुंडीला तळाशी आणि बाजूंनीही भोके हवीत. वँडा तर लाकडी पट्ट्यांच्या जाळीदार टोपलीत नुसती टांगली तरी पुरते. पाणी द्यायचे ते भरपूर, मुळे पूर्ण हिरवी होईपर्यंत. आणि पुन्हा द्यायचे ते मुळे पांढरी झाल्यावरच. कूपनलिकेचे जड पाणी तिला मानवत नाही. पानांवर आणि मुळांवर क्षाराचे पांढरे पुट चढते. पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत उत्तम. ज्या घरांत पिण्यासाठी पाणी उकळण्याचा परिपाठ आहे, तेथे उरलेले पाणी पूर्ण थंड झाल्यावर तिला देता येते. उकळल्याने पाण्याचा जडपणा काही अंशी तळाशी बसतो. खत द्यायचे झाले तर पाकिटावर सांगितलेल्याच्या चौथ्या हिश्श्याइतके, आणि तेही वाढीच्या दिवसांत. नफ्यावर नजर ठेवून भांडवल एकदम ओतणारा व्यापारी जसा बुडतो, तशीच जास्त खत घातलेली आमरीही मुळे जळून बसते.

इतवारीतील वा वर्धमाननगरातील एखाद्या घराची गच्ची डोळ्यांसमोर आणली तर वर्षाचा क्रम असा दिसतो.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास, वर्षीतपाची पारणी होत असतात तेव्हा, नागपूरचे ऊन सर्वांत कडक असते. कुंड्यांची जागा पूर्वेकडची; पश्चिमेच्या भिंतीपासून त्या दूरच ठेवतात, कारण दिवसभर तापलेली ती भिंत मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. वर हिरव्या जाळीचे दोन पदर. वँडाला उजाडताच आणि दिवस मावळताना, असे दोनदा भिजवावे लागते. खाली मोठ्या ताटात ओली वाळू पसरून ठेवली की तिच्यातून उठणारी ओल वरच्या पानांना मिळते; वाळूच्या वर पाणी उभे राहत नसल्याने डासही होत नाहीत. फॅलेनॉप्सिसला ही दुपार सोसवत नाही. तिला खिडकीजवळच्या उजेडात, कूलर लागलेल्या खोलीत आणतात. कूलरच्या ओलसर हवेत ती सुखाने राहते. फक्त वाऱ्याचा झोत तिच्या अंगावर थेट येता कामा नये. या दिवसांत आणखी एक पथ्य सांभाळावे लागते. घरात आंब्याची अढी घातलेली असेल तर फुले आणि कळ्या असलेली कुंडी त्या खोलीत ठेवत नाहीत. पिकणाऱ्या आंब्यातून आणि केळ्यातून इथिलीन वायू बाहेर पडतो, आणि त्याने ऑर्किडच्या कळ्या न उमलताच पिवळ्या पडून गळतात.

जूनच्या मध्याला पाऊस येतो. वँडा आणि डेंड्रोबियम या दोघींना उघड्यावर टांगण्याचे हे दिवस. मुळांची टोके चकचकीत हिरवी होऊन पुढे सरकू लागतात. फॅलेनॉप्सिस मात्र वळचणीलाच बरी, कारण तिच्या पानांच्या मधल्या खळग्यात पाणी साचून राहिले की गाभा कुजतो. चातुर्मासात साधू-साध्वी एका स्थानी स्थिर राहतात. या दिवसांत कुंड्यांचीही उगाच हलवाहलव करू नये हे जाणते लोक कटाक्षाने पाळतात. कळी धरलेल्या कुंडीची दिशा बदलली तरी ती बिचकते. भाद्रपदात, पर्युषणाच्या आणि दशलक्षणाच्या सुमारास, डेंड्रोबियमच्या नव्या कांड्यांच्या शेंड्यांतून अनेकदा तुरे बाहेर पडतात.

दिवाळीनंतर आकाश निवळते आणि रात्री गार होऊ लागतात. फॅलेनॉप्सिसच्या फुलाचे सारे रहस्य याच दिवसांत असते. उष्णता चढी असेपर्यंत ती केवळ पाने वाढवते. रात्रीचे तापमान काही आठवडे १६ ते २० अंशांच्या आसपास राहिले म्हणजे तिच्यात फुलाची दांडी धरते. नागपुरात ही थंडी निसर्ग फुकट देतो. कार्तिक-मार्गशीर्षात खिडकी रात्री उघडी ठेवली की काम होते. जे लोक झाड जपण्यासाठी ते वर्षभर बंद खोलीत ठेवतात, त्यांच्या झाडाला पाने उत्तम येतात पण फूल येत नाही. पौषात मात्र पारा कधीकधी १० अंशांच्याही खाली जातो. त्या रात्री कुंडी आत घ्यावी लागते. या दिवसांत पाणी कमी, खत बंद.

मग वाट पाहण्याचे दिवस सुरू होतात. पानाच्या बगलेतून एक हिरवा कोंभ डोकावतो आणि घरात वाद सुरू होतो की हे मूळ आहे की फुलाची दांडी. मुळाचे टोक गोल आणि गुळगुळीत असते. दांडीचे टोक थोडे चपटे, बाजूला अंगठा असलेल्या हातमोज्यासारखे. आठ दिवसांत वाद मिटतो. दांडीला हातभर वाढायला आणि कळ्या भरायला अडीच-तीन महिने लागतात. घरातील वृद्ध मंडळींना हा वेग मानवतो. लहान मुले मात्र रोज सकाळी येऊन निराश होऊन जातात. कळी उमलण्याआधी एक गोष्ट घडते आणि ती रोज पाहणाऱ्यालाच कळते. कळीचा देठ हळूहळू पिळला जातो आणि कळी अर्धा फेर घेते. ऑर्किडच्या फुलाची एक पाकळी वेगळ्या घडणीची असते, तिला ओष्ठ म्हणतात. कळीत ती वरच्या बाजूला असते. फूल उमलते तेव्हा ती खाली यावी आणि भुंग्याला उतरायला पायरी मिळावी, म्हणून ही सारी फिरकी. गच्चीवर तो भुंगा कदाचित कधीच येणार नसतो. कळी आपले वळण घेतेच.

फाल्गुनाच्या अखेरीस किंवा चैत्रात, महावीर जयंतीच्या आगेमागे, पहिले फूल उघडते. एका दिवसात ते पूर्ण उघडत नाही. आधी एक फट, मग दोन पाकळ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सपाट पसरलेले असते. दांडीच्या खालच्या कळीपासून सुरुवात होऊन शेंड्याची कळी उमलेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, तरी खालचे फूल ताजेच असते. ते तोडावे लागत नाही, फुलदाणीत ठेवावे लागत नाही. झाडावरच ते दोन महिने राहते, आणि घरी आलेला पाहुणा जाण्यापूर्वी त्याच्यासमोर क्षणभर थांबतो.

अहिंसेचा विचार मानणाऱ्या घरात एक प्रश्न हमखास निघतो, तो किडीचा. ऑर्किडवर पिठ्या ढेकूण आणि खवले कीड पडते, आणि रोपवाटिकेतला माणूस लगेच औषधाची बाटली पुढे करतो. यावर जुन्या घरांतील जयणेचा विचारच उपयोगी पडतो. जीव उत्पन्न होणार नाही अशी काळजी आधी घ्यावी; मग हिंसेचा प्रसंग क्वचितच येतो. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवायच्या नाहीत, वारा खेळता ठेवायचा, वाळलेली पाने आणि दांड्यांवरची जुनी सालपटे वेळच्या वेळी काढायची, नवी कुंडी पंधरा दिवस वेगळी ठेवायची आणि पानांची मागची बाजू आठवड्यातून एकदा पाहायची. एखाद-दुसरा कीटक दिसलाच तर मऊ कुंचल्याने अलगद काढून दूर झाडीत सोडायचा. कुंडीत माती नसल्यामुळे खणणे, उकरणे आणि त्यातील जीवांना धक्का लागणे हेही टळते.

किडीचा विचार घरापुरता झाला. रोप कोठून आले, हा प्रश्न त्याहून मोठा आहे.

आमरीचे एक बोंड फुटले तर त्यातून लाखो बिया उडू शकतात. त्या धुळीसारख्या सूक्ष्म असतात आणि त्यांच्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतोच. योग्य सालीवर पडणे आणि तेथे एका विशिष्ट बुरशीची साथ मिळणे, हे दोन्ही जुळले तरच बी रुजते. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये या बुरशीचे काम ओळखले. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या पोषक माध्यमावर, बुरशीवाचून, काचेच्या भांड्यात बी रुजवून दाखवले. आज भेटीदाखल मिळणारी स्वस्त कुंडी ही त्या प्रयोगशाळांची आणि पुढे आलेल्या ऊतिसंवर्धनाची देणगी आहे. तिच्यासाठी कोणत्याही रानातले झाड उपटावे लागलेले नसते. सिक्कीममधील पाक्योंग येथे १९९६ पासून ऑर्किडांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र काम करीत आहे.

रानातल्या आमरीची कथा वेगळी आहे. तेथे एक बी रुजून, वाढून, पहिले फूल येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. आठवडी बाजारात आंब्याच्या फांदीसकट तोडून आणलेली वँडा दहा-वीस रुपयांना मिळते तेव्हा त्या वर्षांची किंमत कोणी धरलेली नसते. काही भागांत तिची मुळे रास्ना म्हणून औषधासाठीही काढली जातात. सालमपंजाचा प्रकार याहून कठोर आहे. पान किंवा फूल घेतल्यावर झाड उरते, पण कंद खणला की झाडच संपते, आणि बी धरण्याआधी खणला तर त्याचा वंशही. कंदमूळ का खाऊ नये हे लहानपणी ज्या घरांत शिकवले जाते, त्या घरांना हा हिशेब वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. ऑर्किड कुलातील सर्व वनस्पतींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या कराराने नियंत्रित केला आहे, आणि राखीव जंगलातून परवानगीवाचून वनस्पती काढून आणणे हा कायद्याने गुन्हा आहे.

कायद्याच्याही आधी या समाजाजवळ एक चित्र आहे. कितीतरी मंदिरांच्या भिंतींवर ते रंगवलेले असते. सहा वाटसरू जांभळाच्या झाडाखाली येतात. एकाला फळांसाठी झाड मुळासकट उपटावेसे वाटते, दुसऱ्याला खोड तोडावेसे, तिसऱ्याला मोठी फांदी, चौथ्याला लहान डहाळी. पाचवा म्हणतो, पिकलेली फळेच तोडू. सहावा खाली पडलेली फळे वेचतो. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतच्या भावांचे ते चित्र मुलांना बोट दाखवून समजावले जाते. आमरीकडे पाहिले तर हे सहाही जण आजही भेटतात. कंद खणणारा पहिलाच आहे. रामटेकच्या किंवा मुक्तागिरीच्या वाटेवर वँडासाठी फांदी कापणारा तिसरा. यात्रेहून परतताना गाडीच्या डिकीत कोवळे रोप घालून आणणारा भक्तिभावाने गेला असला तरी चौथ्याच्या पुढे गेलेला नाही.

सहावा वाटसरूही आहे. वळवाच्या वादळात शेताच्या बांधावरचा जुना आंबा मोडतो, किंवा परवानगीने एखादे म्हातारे झाड उतरवले जाते, आणि त्याच्या फांदीवरची वँडा सरपणाबरोबर जळून जाणार असते. अशी स्वतःच्या शेतातली, खाली आलेली आमरी उचलून शेजारच्या जिवंत आंब्याला सुती चिंधीने बांधली, खिळा न ठोकता, तर एका पावसाळ्यात तिची मुळे नवी साल धरतात आणि चिंधी आपोआप कुजून गळते. विदर्भात शेती असलेल्या व्यापारी कुटुंबांना हे करणे सहज शक्य आहे. त्यासाठी बाजारातून काहीही विकत आणावे लागत नाही.

जूनमधल्या एका संध्याकाळी इतवारीवर ढग दाटून येतात. दुकानांपुढची ताडपत्री फडफडू लागते, हमाल पोती आत ओढतात आणि पहिली सर कोसळते. वरच्या गच्चीवर टांगलेल्या वँडाची मुळे दीड महिना राखेच्या रंगाची होती. पाहता पाहता ती हिरवी होतात. टोकापासून वर, जणू कोणी आतून दिवा सरकवीत नेत आहे. खाली काष्ठौषधींच्या दुकानात सालमपंजाची बरणी तशीच फळीवर असते. वर गच्चीवरून भिजून खाली आलेला मुलगा ती हातात घेतो, आतले वाळके पंजे निरखतो आणि विचारतो की हेही त्याच जातीचे झाड होते का. दुकानाच्या गादीवर बसलेल्या आजोबांना याचे उत्तर द्यावे लागते. पुढच्या वेळी माल भरताना ते दलालाला पहिल्यांदा विचारतात की हा कंद शेतातला आहे की रानातला.